विमानातून गाव नेमकं कधी सुटतं?

बंगळूरहून दिल्ली विमानानं किती लांब, असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचा चेहरा बघते. ज्याला नुसतं बोलायला काहीतरी हवं असतं त्याला "अडीच-पावणेतीन तास" सांगून मी मोकळी होते. ज्याला खरोखर जाणून घ्यायचं असतं त्याची मात्र मला दया येते. कारण आयुष्यभर हाच हिशेब करून पोट भरलेल्या बाईला या प्रश्नाचं एक असं उत्तर देता येत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी डोकं निवळेल असं वाटलं होतं. उलट गोंधळ वाढलाच आहे.

नव्वदच्या दशकात देशात खासगी विमान कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या आणि बऱ्याचशा तितक्याच झटपट मावळल्या. त्यातल्या एकीत, बंगळूरच्या जुन्या विमानतळावर, मी डिस्पॅचर होते. 'डिस्पॅच' म्हटल्यावर आमच्या सासूबाईंना टपालखातं आठवायचं. "आमची शांता विमानात पार्सलं भरते," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण खरं काम सांगायला बसले की दुसऱ्या वाक्याला त्यांना डुलकी लागायची.

खरं काम असं. विमान सुटायच्या आधी ते कुठल्या वाटेनं जाईल, किती उंचीवरून, वरती वारा कसा आहे, उतरायच्या गावी धुकं असलं तर दुसरीकडं कुठं वळेल, या सगळ्याला वेळ किती आणि इंधन किती, हे मांडून कॅप्टनच्या हातात द्यायचं. त्याला पटलं की तो सही करतो. विमान हललं की आमच्या खोलीतल्या रेडिओवरून त्याची खबर घेत राहायची. थोडक्यात, आम्ही जमिनीवर बसून विमान चालवायचो, आणि टोपी मात्र कॅप्टन घालायचा.

आता अंतराचं घ्या. पृथ्वीच्या गोलावर बंगळूरपासून दिल्लीपर्यंत दोरा ताणून धरला तर जे अंतर भरेल ते एक. पण विमान त्या दोऱ्यावरून जात नसे. त्या काळी जमिनीवर ठिकठिकाणी रेडिओच्या खुणा असत, आणि विमान एका खुणेवरून दुसरीवर जायचं. लग्नाची पत्रिका वाटायला निघालेला माणूस वाटेतल्या चार घरी डोकावत जातो, तसं. म्हणून दुसरं अंतर पहिल्याहून जास्त. शिवाय लष्कराचा सराव चालू असला की तो भाग टाळून वळसा, मोठा ढग दिसला की आणखी वळसा. म्हणजे प्रत्येक दिवसाचं तिसरं अंतर निराळंच.

वेळेचं तर विचारूच नका. वेळापत्रकात छापलेली वेळ ही उड्डाणाची नसतेच मुळी. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचं हललं, की आमच्या लेखी ते सुटलं. तिकडे पोहोचून थांबलं, पुन्हा ठोकळे लागले, की ते पोहोचलं. मधे ते धावपट्टीशी रांगेत कितीही वेळ ताटकळलं तरी सुटलं ते सुटलंच. हवेत असण्याची वेळ निराळी, ती याहून कमी. त्यात थंडीच्या दिवसांत वरती पश्चिमेकडून असा वारा वाहतो की कलकत्त्याला जाताना विमान ढकलल्यासारखं लवकर पोहोचतं आणि येताना कुथत येतं. आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला राहणाऱ्या माणसाला रिक्षानं विमानतळ गाठायला जितका वेळ लागे तेवढ्यात आमचं विमान मद्रासला टेकलेलं असे, तो वेळ कशात धरायचा हे मला कुणी शिकवलं नाही.

एकदा आमच्या ओळखीतले भूगोलाचे एक मास्तर दिल्लीचं अंतर विचारायला फोन करत होते. तीन वेळा केला, तिन्ही वेळा निराळा माणूस ड्यूटीवर, आणि तिन्ही वेळा निराळा आकडा. शेवटी ते स्वतःच आले. "यातलं बरोबर कुठलं?" मी म्हटलं, "तिन्ही." मास्तर म्हणाले, "मग परीक्षेत मी मार्क कुणाला द्यायचे?" मी म्हटलं, "तिघांनाही द्या." त्यानंतर आमच्या मंडळाच्या गणपतीत ते मला बघून आरतीत जास्त तल्लीन व्हायचे.

आमच्या गल्लीतली लीला तर एकदा रडवेली होऊन आली. नवरा मस्कतला नोकरीला. मुंबईहून विमानात बसायचा. "शांताक्का, ह्यांचं जातानाचं तिकीट बघितलं, दीड तासात पोचतात. येतानाचं बघितलं तर साडेचार तास! वाट तीच, विमान तेच. मग मधले तीन तास हे उतरतात कुठं?" तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि मस्कतचं घड्याळ आपल्या मागं असतं, हे मी तिला दोन वाट्या आणि एक लिंबू घेऊन समजावलं. तिनं मान हलवली, कानडीत सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाली, चहा प्यायली, आणि दारातून वळून म्हणाली, "ते सगळं खरं, पण तरी तीन तास जास्तच की." तिला समजावता समजावता माझंच लिंबू कुठल्या वाटीत होतं ते मी विसरले.

पण या सगळ्यांहून अवघड प्रश्न मला अंबक्कांनी विचारला. अजून मी तो मनातल्या मनात सोडवत असते.

अंबक्का आणि माधोरावअण्णा हे जे. पी. नगरमध्ये राहणारं आमच्याच, बंगळूरच्या मराठी समाजातलं जोडपं, वयानं साठीपुढचं. त्यांची एकुलती एक लेक सुमती दिल्लीला दिलेली. मी सांगते त्या प्रसंगाच्या दोन वर्षं आधी सुमती पहिल्यांदा गरोदर होती, तेव्हा दिवस भरायच्या आधीच काहीतरी बिघडलं. जावई दौऱ्यावर. अंबक्का निघाल्या, पण त्यांचं विमान चुकलं. दुसऱ्या दिवशी पोहोचल्या तोवर बाळ गेलेलं होतं, आणि पोरगी दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडली होती. "रिक्षाच मिळाली नाही हो वेळेवर," असं माधोरावअण्णा सगळ्यांना सांगत.

आता सुमतीला पुन्हा दिवस होते. पुन्हा तसंच दुखणं सुरू झालं. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. बुधवारी ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. तिनं फोनवर आईला एवढंच सांगितलं, "या वेळी तू ये." सुट्ट्यांचे दिवस. सगळी विमानं भरलेली. आमच्या बुधवारच्या विमानात एक जागा होती, ती मी धरून ठेवली. मग अंबक्कांचा फोन आला.

"शांता, बुधवारचं विमान किती वाजता गाव सोडतं गं?"

"साडेअकराला, अक्का."

"साडेअकराला हलतं, की साडेअकराला उडतं?"

मोठमोठ्या हुद्द्याच्या माणसांनी माझ्याशी वेळेवरून वाद घातले होते, पण हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. आम्ही तीनेकशे वर्षांपूर्वी इकडं आलेली माणसं. घरात मराठी सांभाळली, पण राहुकाळ कानडी शेजाऱ्यांकडून घेतला आणि त्यांच्याहून घट्ट धरला. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. रोज दीड तास असा असतो की त्यात शुभ काम नाही, प्रवासाला निघणं तर मुळीच नाही. बुधवारी तो बाराला लागतो. त्यावर तोड म्हणून प्रस्थान ठेवायचं: चांगल्या वेळी कपड्यांच्या पिशवीत मूठभर तांदूळ आणि सुपारी घालून ती शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. अंबक्कांनी मंगळवारीच पिशवी शेजारी ठेवली होती. पण त्यांच्या भटजींनी मेख मारून ठेवली: प्रस्थान हे घर सोडण्यापुरतं, गावाची वेस राहुकाळात ओलांडायची नाही ती नाहीच.

"आता विमानाला वेस कुठली गं?" अंबक्का म्हणाल्या. "गाडी असती तर दगड तरी दिसला असता."

मी त्यांना ठोकळ्यांचं सांगितलं. चाकं हलली की आमच्या खात्यात गाव सुटलं, मग ते उडो कधीही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचंबी प्रस्थानच की." इतकी वर्षं मी ज्या वेळेचा हिशेब ठेवत होते तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला, की तेव्हापासून कळेनासा झाला, हे सांगणं कठीण आहे.

बुधवारी अंबक्का सकाळीच विमानतळावर हजर. शेजाऱ्यांकडून पिशवी परस्पर उचलून आलेल्या. इरकल नेसलेल्या, मनगटावर माधोरावअण्णांचं मोठं घड्याळ. मी भेटायला खाली गेले तर म्हणाल्या, "साडेअकरा म्हणजे साडेअकराच ना?" मी म्हटलं, "अक्का, निश्चिंत असा." माणसानं विमानाच्या बाबतीत असं बोलू नये.

मद्रासहून येणारं विमान उशिरा आलं. तेच पुढं दिल्लीला जायचं होतं. साफसफाई, इंधन, सामान, सगळ्यांच्या मागं मी रेडिओवरून लागले. आमचे साहेब म्हणाले, "आज तुमचं कोण आहे त्या विमानात?" मी म्हटलं, "कुणी नाही." माणसं चढली, दारं लागली. कॅप्टनचा आवाज आला, हललो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. काटा बाराच्या किंचित अलीकडं होता. कॅप्टननं सांगितलेली वेळ बरोबर बाराची होती. कंट्रोल टॉवरनं नोंदवली ती बाराच्या जराशी पलीकडं. रोज अशी तीन घड्याळं तीन वेळा सांगतात आणि रोज कुणाचं काही अडत नाही.

आणि विमान हललं ते थोडं पुढं जाऊन उभंच राहिलं. जुन्या विमानतळावर नव्या विमानांच्या चाचण्याही चालत, आणि तसलंच एक उतरायला येत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग रेडिओवर कॅप्टन, वैतागलेल्या हिंदीत: "एक म्हातारी बाई उभी राहिली आहे. बसायला तयार नाही. उतरायचं म्हणते."

ती कोण हे मला विचारावं लागलं नाही.

साहेब म्हणाले, "परत आणा विमान. उतरवा त्यांना." ते त्यांच्या जागी बरोबरच होते. उभा प्रवासी असताना विमान हलवता येत नाही. पण परत आणणं म्हणजे अंबक्का बंगळूरला, सुमती तिकडं टेबलावर, आणि पुढची रिकामी जागा कधी मिळेल ते देवाला ठाऊक. मी साहेबांना हातानंच थांबा म्हटलं आणि माईक ओढला.

"कॅप्टन, एअर होस्टेसना सांगा, त्या बाईंच्या कानाशी जाऊन कानडीत म्हणा, शांता सांगते, गाव बाराच्या आत सुटलं."

"कुठलं गाव?"

"बंगळूर."

"मॅडम, बंगळूर अजून माझ्या चाकाखाली आहे."

"असू दे. तुम्ही फक्त निरोप द्या."

रेडिओ गप्प झाला. साहेब माझ्याकडं आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडं. ते खरं सांगत होतं की टॉवरचं? मी खरं बोलले की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. त्यात मला आठवलं, की पंचांगवाले तर म्हणतात राहुकाळ सूर्यावरून धरायचा, घड्याळाच्या बारावर नाही. म्हणजे बंगळूरचा बुधवारचा राहुकाळ बारानंतर काही वेळानं लागणार, आणि दिल्लीचा आणखी निराळा. मग अजून लागलाच नसेल का? अशा वेळी माणसाला कसले कसले हिशेब सुचतात.

"बसल्या," कॅप्टन म्हणाला.

विमान उडालं तेव्हा कुठल्याही घड्याळानं, कुठल्याही पंचांगानं राहुकाळच होता. ती पूर्ण दुपार मी नकाशावर त्या विमानाच्या मागं मागं होते. आता हैदराबाद, आता नागपूर. खालच्या प्रत्येक गावाचा राहुकाळ वेगळा, मग वरून जाणाऱ्या अंबक्कांना कुणाचा लागायचा? त्या निघाल्या होत्या की अजून निघायच्या होत्या? मला काही म्हणता काही कळेना. सुमतीला काही झालं तर अंबक्का जन्मभर त्या विमानाला दोष देतील, आणि मला, एवढं मात्र कळत होतं. भीती वाटत होती, हे सांगायला आता लाज कसली.

संध्याकाळी माधोरावअण्णांचा फोन आला. म्हणाले, "मुलगी झाली गं. दोघी बऱ्या आहेत. आत नेताना सुमतीनं आईचा हात धरला होता म्हणे, तो सोडवावा लागला." मी ड्यूटीवर असताना आयुष्यात एकदाच रडले, ते तेव्हा. साहेबांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

पुढं बरेच दिवस माझी कॉलर ताठ होती. आमच्या खोलीत विमान हललं की पोरं ओरडायची, "गाव सुटलं!" ज्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं तेही ओरडायचे. समाजात माझं नाव झालं. जागा आहे का हे विचारायच्या आधी लोक मला वार आणि राहुकाळ विचारू लागले, आणि मीही मोठ्या तज्ज्ञासारखी उत्तरं देऊ लागले. एका वाक्यात विमानही उडवलं आणि बाळंतपणही पार पाडलं, असं मला मनातून वाटायचं. कुणापाशी बोलले नाही एवढंच.

तीन-चार महिन्यांनी अंबक्का परतल्या आणि आमच्या घरी पेढे घेऊन आल्या. नातीचे फोटो दाखवले, नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं हे ठरवून झालं. मग मला राहवेना. मी त्यांना तीन घड्याळांचं सांगायला लागले, की अक्का, त्या दिवशी मी निरोप दिला खरा, पण...

"कुठला निरोप?" अंबक्का म्हणाल्या.

"विमानात. ती मुलगी तुमच्या कानाशी येऊन बोलली ना? शांता सांगते म्हणून?"

"आली होती की. काय काय बोलली. यंत्राचा केवढा आवाज, आणि मला स्वल्प कमीच ऐकू येतं. मी आपलं सरी, सरी म्हटलं." त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "तोवर मी बसलेच होते."

माझा चेहरा उतरला असणार. इतक्या महिन्यांची ऐट एका पेढ्यात गेली. "मग तुम्ही उठला होता कशाला? आणि बसलात कशा? बारा वाजून गेले होते की."

"गेले होते. घड्याळ हातातच होतं. भीती वाटली म्हणून उठले. भीती काय, जन्मापासूनची आहे, ती जाती होय?"

"मग?"

अंबक्कांनी आतल्या खोलीकडं बघितलं. सासूबाई झोपल्या होत्या. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"उठून उभी राहिले आणि मागल्या खेपेचं डोळ्यापुढं आलं. ह्यांनी सगळ्यांना रिक्षा मिळाली नाही म्हणून सांगितलं. रिक्षा दारातच उभी होती, शांता. राहुकाळ टळू दे, मग निघू, म्हणून मीच तिला थांबवून ठेवलं होतं."